गोळी चालू असताना बोटीवर

व्यापारी जहाजावर नोकरी करणाऱ्या प्रत्येकाला, कॅप्टनपासून गॅलीतल्या मेसमनपर्यंत, वैद्यकीय पात्रतेचे प्रमाणपत्र लागते. सीडीसी (खलाशी पुस्तिका), पासपोर्ट, प्रशिक्षणाचे दाखले सगळे जागेवर असले आणि ‘मेडिकल’ची मुदत संपलेली असली, तर साइन ऑन, म्हणजे जहाजावर रुजू होणे, होत नाही. हे प्रमाणपत्र जास्तीत जास्त दोन वर्षे चालते; अठरा वर्षांखालच्यांना एकच वर्ष. विशीत बोटीवर गेलेल्या माणसाची पहिली काही मेडिकल विनासायास पार पडतात. चाळिशीच्या आसपास मात्र रक्तदाब, मधुमेह, थायरॉइड, दमा यांपैकी काहीतरी निघते, रोजची गोळी सुरू होते आणि तिच्यासोबत धास्तीही येते: आता नोकरी राहील का?

बहुतेकांची नोकरी राहते. समुद्रावरच्या वैद्यकीय नियमांचा रोख आजाराच्या नावावर कमी आणि त्याच्या परिणामांवर जास्त असतो. भर समुद्रात गोळी संपली, चुकली किंवा अंगावर उलटली, तर त्या माणसाचे आणि जहाजाचे काय होईल, एवढे नियमांना पाहायचे असते. हे लक्षात घेऊन उपचार आखले, तर रोजचे औषध आणि बोटीवरची नोकरी दोन्ही वर्षानुवर्षे सोबत चालतात.

नियम कोणाचे

खलाशांच्या वैद्यकीय तपासणीचे आंतरराष्ट्रीय नियम शंभर वर्षांपूर्वीपासून आहेत. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९२१ मध्ये जहाजावर काम करणाऱ्या अल्पवयीनांसाठी आणि १९४६ मध्ये सर्व खलाशांसाठी तपासणीचे करार केले. आज त्यांची जागा २००६ च्या सागरी कामगार कराराने घेतली आहे. तो २० ऑगस्ट २०१३ पासून लागू झाला. भारताने त्याला ऑक्टोबर २०१५ मध्ये मान्यता दिली आणि वर्षभराने तो भारतीय जहाजांना लागू झाला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा प्रशिक्षण व प्रमाणपत्रांविषयीचा १९७८ चा करारही यासोबत वाचावा लागतो. मनिला येथे २०१० मध्ये त्यात मोठे बदल झाले. दृष्टी, श्रवण आणि शारीरिक क्षमतेचे किमान निकष त्यात आहेत.

भारतात याची अंमलबजावणी मुंबईतील नौवहन महासंचालनालय करते. २००० सालच्या वैद्यकीय तपासणी नियमांनुसार महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या डॉक्टरचेच प्रमाणपत्र चालते. रत्नागिरी, रायगड, सिंधुदुर्ग किंवा गोव्यातल्या गावचा फॅमिली डॉक्टर रुग्णाला वीस वर्षे ओळखत असला, तरी त्याची चिठ्ठी फक्त पूरक कागद म्हणून उपयोगी पडते.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटना आणि आंतरराष्ट्रीय सागरी संघटना यांनी मिळून डॉक्टरांसाठी सविस्तर मार्गदर्शक सूचना तयार केल्या आहेत. कोणत्या आजारात काय निर्णय घ्यावा याचे तक्ते त्यांत आहेत आणि औषधांवर स्वतंत्र परिशिष्ट आहे. निर्णयाचे साधारण पाच प्रकार होतात: तात्पुरता अपात्र, कायमचा अपात्र, काही कामांपुरता किंवा काही सागरी पट्ट्यांपुरता पात्र, वारंवार तपासणीच्या अटीवर कमी मुदतीसाठी पात्र, आणि जगभर कुठेही पूर्ण पात्र. ‘फिट’ आणि ‘अनफिट’ यांच्या मधे बरीच जागा आहे, हे अनेक खलाशांना ठाऊक नसते. या सूचना म्हणजे एक सामाईक चौकट आहे. जहाजावर ज्या देशाचा झेंडा असतो त्या देशाचे नियम त्याहून कडकही असू शकतात.

त्यावर आणखी एक चाळणी असते. जहाजमालकांचा विमा उतरवणारे क्लब आणि खलाशी पुरवणाऱ्या मॅनिंग कंपन्या नेमणुकीपूर्वी स्वतःची तपासणी करून घेतात. तिचे निकष सरकारी निकषांपेक्षा बहुधा कडक असतात. त्यामुळे सरकारी प्रमाणपत्र हातात असूनही कंपनी नेमणूक नाकारते, असे घडते. हे दोन वेगळे निर्णय आहेत आणि त्यांच्याविरुद्ध दाद मागण्याचे मार्गही वेगळे आहेत. खर्चाचे म्हणाल, तर सागरी कामगार कराराप्रमाणे नोकरी लावून देण्यासाठी खलाशाकडून पैसे घेता येत नाहीत; देशाच्या कायद्याने सक्तीचे असलेले वैद्यकीय प्रमाणपत्र, खलाशी पुस्तिका आणि पासपोर्ट यांचाच खर्च त्याच्यावर टाकता येतो.

जहाजावर गोळीचे गणित का बदलते

पुण्यात रक्तदाबाची गोळी संपली तर संध्याकाळी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानातून नवी पट्टी आणता येते. पनामाहून जपानकडे निघालेल्या जहाजावर पुढचे वीसएक दिवस जमीन दिसत नाही. हेलिकॉप्टरचा पल्ला किनाऱ्यापासून काहीशे किलोमीटरपुरताच असतो. सागरी कामगार कराराप्रमाणे शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आणि तीन दिवसांहून लांब आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या जहाजावरच डॉक्टर सक्तीचा आहे. मालवाहू जहाजावर वीस-पंचवीस माणसे असतात. तिथे वैद्यकीय जबाबदारी प्रशिक्षण घेतलेल्या अधिकाऱ्याकडे, अनेक जहाजांवर सेकंड ऑफिसरकडे, असते. अडले तर उपग्रह फोनवरून किनाऱ्यावरच्या डॉक्टरचा सल्ला मिळतो. रोममधील एक रेडिओ वैद्यकीय केंद्र १९३५ पासून हे काम विनामूल्य करत आहे. सल्ला मात्र जहाजावर असलेल्या औषधांपुरताच उपयोगी पडतो. जहाजाच्या औषधपेटीत अचानक उद्भवणाऱ्या दुखण्यांची औषधे असतात. एकेका खलाशाच्या रोजच्या गोळ्यांचा महिनोन्‌महिन्यांचा साठा ती पुरवू शकत नाही.

दुसरा फरक कामाचा आहे. प्रत्येक खलाशाला रोजच्या कामासोबत आणीबाणीची कामेही नेमून दिलेली असतात: श्वसनयंत्र पाठीवर घेऊन धुरात शिरणे, पाण्याने भरलेली होज ओढणे, जीवनरक्षक नौका उतरवणे. रात्रीच्या वॉचला (पहाऱ्याच्या पाळीला) ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवण्याच्या कक्षात, एक अधिकारी आणि एक टेहळ्या असतो. अधिकाऱ्याला गुंगी आली तर कळावे म्हणून ब्रिजवर धोक्याची घंटा बसवलेली असते. ठरवून ठेवलेल्या तीन ते बारा मिनिटांत काही हालचाल झाली नाही की ती वाजू लागते. वर्दळीच्या सामुद्रधुनीत बारा मिनिटांत जहाज दोन-तीन मैल पुढे गेलेले असते. म्हणून मेडिकल करणारा डॉक्टर गोळी पाहताना एक प्रश्न हटकून विचारतो: हिने झोप, चक्कर किंवा शुद्ध हरपणे संभवते का?

औषधांची तीन गटांत पाहणी

मार्गदर्शक सूचनांतील औषधांच्या परिशिष्टाची मांडणी समजली की निम्मे गैरसमज दूर होतात.

पहिल्या गटात कामाच्या क्षमतेवर थेट परिणाम करणारी औषधे येतात. झोपेच्या गोळ्या, काही मानसिक आजारांवरची औषधे, काही वेदनाशामके आणि सर्दी-ॲलर्जीवरच्या काही गोळ्या मेंदू मंद करतात. इन्शुलिनने साखर उतरून माणूस अचानक कोसळू शकतो. हायोसिनसारख्या औषधाने नजर धूसर होते.

दुसऱ्या गटातल्या औषधांनी एरवी त्रास होत नाही, पण समुद्रावर त्यांचा परिणाम गंभीर होऊ शकतो. रक्त पातळ करणाऱ्या वॉरफरिनवर असलेल्या माणसाला डेकवर लागले तर रक्त थांबवणे कठीण. काही औषधे थांबणे हाच धोका असतो: इन्शुलिन, फिट येऊ नये म्हणून घेतलेली औषधे, रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या, शरीरात कमी पडणाऱ्या संप्रेरकांची जागा घेणारी औषधे. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधेही इथेच येतात, कारण संसर्ग झाला तर जहाजावर इलाज अपुरा पडतो.

तिसऱ्या गटातल्या औषधांना ठरावीक काळाने रक्त किंवा रक्तदाब तपासून पाहावे लागते. मधुमेह, रक्तदाब आणि थायरॉइडची औषधे यात पुन्हा येतात. एकूण तब्येत उत्तम असूनही प्रमाणपत्र दोन वर्षांऐवजी एक वर्षाचे किंवा एका कॉन्ट्रॅक्टपुरते मिळते, त्यामागे बहुधा हेच कारण असते. कमी मुदत हा शेरा समजू नये; ती पुढच्या तपासणीची तारीख असते.

औषध थांबल्यावर बिघाड किती वेळात होतो, हेही डॉक्टर पाहतो. लेव्होथायरॉक्सिनचे रक्तातले प्रमाण निम्मे व्हायला सुमारे आठवडा लागतो, म्हणून थायरॉइडची गोळी दोन दिवस चुकली तर लगेच काही होत नाही. रक्तदाबाच्या बऱ्याच गोळ्यांचा परिणाम काही दिवसांत ओसरतो. क्लोनिडिनसारखे औषध एकदम बंद केले तर रक्तदाब उसळी मारतो. टाइप १ मधुमेहात इन्शुलिन पूर्ण बंद झाले तर दिवसा-दोन दिवसांत जिवावर बेतते. हा कालावधी जितका लहान, तितके प्रमाणपत्रावरचे बंधन मोठे.

मधुमेह

निव्वळ आहार आणि व्यायामावर किंवा गोळ्यांवर साखर स्थिर असेल आणि डोळे, मूत्रपिंडे, नसा, हृदय यांवर परिणाम झालेला नसेल, तर पूर्ण पात्रता मिळू शकते. नवे औषध सुरू केले किंवा डोस बदलला की स्थिरता येईपर्यंत काही काळ थांबवले जाते. तेवढ्यासाठी एखादे कॉन्ट्रॅक्ट पुढे ढकलावे लागते, आणि ते ढकलणेच शहाणपणाचे.

सगळ्या गोळ्या सारख्या नसतात. मेटफॉर्मिन एकट्याने घेतल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत सहसा उतरत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लायब्युराइड, ग्लिक्लाझाइड या गटातल्या गोळ्यांनी मात्र ती उतरू शकते, विशेषतः जेवण चुकले किंवा अंगमेहनत वाढली तर. भारतात ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन एकाच गोळीत मिळतात आणि ती जोडगोळी सर्रास दिली जाते. आपण नेमके काय घेतो हे तिच्या व्यापारी नावावरून कळत नाही. पट्टीच्या मागची बारीक अक्षरे वाचावी लागतात. खलाशाने उपचार करणाऱ्या डॉक्टरला आपले काम नीट समजावून सांगितले, तर साखर एकदम न उतरवणारी औषधे निवडता येतात. इंजिन रूमचे तापमान चाळीस अंशांच्या वर जाते आणि घामाने शरीरातले पाणी कमी होते, हेही सांगावे, कारण लघवीवाटे साखर किंवा पाणी बाहेर टाकणाऱ्या गोळ्या अशा ठिकाणी जपून वापराव्या लागतात.

इन्शुलिनची गोष्ट वेगळी. आंतरराष्ट्रीय सूचनांप्रमाणे उत्तम नियंत्रण, उपचारांचे काटेकोर पालन आणि साखर उतरू लागल्याची जाणीव वेळेत होणे, या तिन्हींचा पुरावा असल्यास किनाऱ्याजवळच्या पाण्यात आणि एकट्याने वॉच करावा लागणार नाही अशा कामावर परवानगीचा विचार होतो. दूरच्या सफरींचे दार बहुधा बंद होते. विमानवाहतुकीत मात्र थोडा पुढचा टप्पा गाठला गेला आहे. ब्रिटनने २०१२ पासून इन्शुलिन घेणाऱ्या व्यावसायिक वैमानिकांना कडक अटींवर प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. उड्डाणाच्या आधी आणि उड्डाण चालू असताना ठरलेल्या वेळी रक्तातली साखर मोजायची आणि ती मर्यादेबाहेर गेली तर दुसऱ्या वैमानिकाकडे सूत्रे द्यायची, अशी ती पद्धत आहे. अमेरिकेनेही २०१९ मध्ये तो मार्ग खुला केला. कॉकपिटमध्ये सूत्रे घ्यायला शेजारी दुसरा वैमानिक असतो आणि काही तासांत विमान जमिनीवर येते. जहाजाला या दोन्ही सवलती नाहीत.

साखर ७० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली गेली की तिला उतरलेली साखर म्हणतात. थरथर, घाम, भूक, चिडचिड ही तिची लक्षणे. अशा वेळी तीन चमचे साखर पाण्यात घालून प्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजावे आणि लगेच काहीतरी खावे. इंजिन रूममध्ये घाम सगळ्यांनाच येतो, त्यामुळे तिथे हे लक्षण दडून जाते. म्हणून सोबत वॉच करणाऱ्याला आधीच सांगून ठेवलेले बरे.

रक्तदाब

वरचा आकडा १६० च्या पुढे किंवा खालचा १०० च्या पुढे असेल, तर तपासण्या होऊन औषध लागू पडेपर्यंत उमेदवाराला सहसा थांबवतात. औषधाने आकडे ताब्यात आले आणि चक्कर वगैरे त्रास नसेल, तर पूर्ण पात्रता मिळते. रक्तदाबाची गोळी चालू आहे म्हणून कोणी अपात्र ठरत नाही; गोळी चालू नाही आणि दाब चढलेला आहे, तो अपात्र ठरतो. हे उलटे समजून मेडिकलपूर्वी गोळी बंद करणारे लोक आहेत.

दिवसातून एकदा घ्यायची, लांब पल्ल्याची गोळी समुद्रावर सोयीची. ती दोन-चार तास पुढेमागे झाली तरी दाब फारसा हलत नाही. लघवी वाढवणारी गोळी आणि मूत्रपिंडांमार्गे काम करणारी गोळी दोन्ही चालू असताना बोट लागून उलट्या झाल्या किंवा जुलाब लागले, तर शरीर कोरडे पडून मूत्रपिंडांवर ताण येतो. त्या दिवशी काय करायचे हे निघण्यापूर्वीच डॉक्टरकडून लिहून घ्यावे. अंगदुखीसाठी सहज घेतल्या जाणाऱ्या आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या आणि नाक मोकळे करणारी सर्दीची औषधे रक्तदाब वाढवतात. ज्येष्ठमध जास्त दिवस चघळल्यानेही तो वाढतो.

इतर आजार थोडक्यात

फिटच्या बाबतीत नियम सर्वांत कडक आहेत. एकच फिट आलेली असेल तरी किमान एक वर्ष थांबावे लागते. पूर्ण पात्रतेसाठी फिट येऊन एक वर्ष आणि औषध बंद होऊनही एक वर्ष उलटलेले असावे लागते. वारंवार फिट येणाऱ्याला गेली दहा वर्षे औषधाविना फिटमुक्त असल्याशिवाय पूर्ण पात्रता मिळत नाही. औषधाने फिट थांबली असेल तरी काम किनाऱ्याजवळचे आणि वॉच नसलेले.

दम्यात मध्यम स्वरूपाचा आजार इन्हेलरने ताब्यात असेल आणि मागच्या दोन वर्षांत रुग्णालयात भरती किंवा पोटातून स्टिरॉइड घ्यावे लागले नसेल, तर किनाऱ्याजवळच्या कामाचा विचार होतो. आजार सौम्य असेल आणि नियमित औषध लागत नसेल, तर त्याहून अधिक मोकळीक मिळते. हृदयविकाराचा झटका येऊन गेल्यावर किमान तीन महिने थांबावे लागते आणि पुढचा निर्णय पुन्हा झटका येण्याच्या शक्यतेवर अवलंबून असतो. नैराश्यावरचे औषध चालू असताना प्रकृती स्थिर आहे, गुंगी येत नाही, असे दिसले तर मर्यादित किंवा कमी मुदतीच्या पात्रतेचा मार्ग असतो.

आंतरराष्ट्रीय सूचनांनी एक गोष्ट स्पष्ट सांगितली आहे. इन्शुलिन, रक्त पातळ करणारी औषधे किंवा मानसिक आजारावरची औषधे आजार आवाक्यात ठेवण्यासाठी आवश्यक असतील, तर समुद्रावर जाण्यास पात्र ठरावे म्हणून ती बंद करणे धोक्याचे आहे. औषध बदलायचे तर उपचार करणाऱ्या डॉक्टरने, वेळ घेऊन आणि परिणाम तपासून.

तपासणीची तयारी

मेडिकलच्या आधी चार दिवस गोड बंद करून रक्त द्यायला जाण्याची रीत जुनी आहे. हिमोग्लोबिनवर चिकटलेल्या साखरेची चाचणी, म्हणजे एचबीए१सी, मागच्या सुमारे तीन महिन्यांची सरासरी दाखवते. चार दिवसांच्या उपासाने ती हलत नाही. साइन ऑफ करून घरी आल्यावर पहिल्या पंधरवड्यात तपासणी करून घेतली, तर औषध बदलायला आणि स्थिर व्हायला रजेचे दोन-तीन महिने मिळतात. कंपनीचा फोन आल्यावर धावाधाव करणाऱ्याकडे तेवढे दिवस नसतात.

डॉक्टरसमोर बसल्यावर अनेकांचा रक्तदाब भीतीनेच चढतो. अशांनी घरी सकाळ-संध्याकाळ मोजलेल्या आकड्यांची तारखेसह वही न्यावी. शंका राहिल्यास दंडाला यंत्र बांधून चोवीस तासांची नोंद घेता येते. उपचार करणाऱ्या डॉक्टरच्या पत्रात पाच गोष्टी असाव्यात: निदान आणि त्याचे वर्ष, औषधांची मूळ नावे व मात्रा, शेवटचा बदल कधी झाला, ताज्या तपासण्यांचे आकडे, आणि गुंगी किंवा साखर उतरणे असा त्रास झालेला नाही याचा उल्लेख. ‘प्रकृती ठीक आहे’ एवढ्या एका ओळीच्या चिठ्ठीचा मान्यताप्राप्त डॉक्टरला काही उपयोग नसतो.

प्रमाणपत्रावर दृष्टी, श्रवण, पात्रता आणि बंधने एवढेच लिहिलेले असते. आजाराची सविस्तर माहिती असलेला तपासणी अहवाल गोपनीय राहावा, अशी आंतरराष्ट्रीय सूचनांची अपेक्षा आहे.

साठा, वेळ आणि थंडावा

समजा, कॉन्ट्रॅक्ट सहा महिन्यांचे आहे आणि दिवसाला दोन गोळ्या घ्यायच्या आहेत. १८० दिवसांच्या ३६० गोळ्या झाल्या. बदली माणूस उशिरा येणे समुद्रावर नेहमीचेच. म्हणून दोन महिन्यांच्या १२० जादा धराव्यात. एकूण ४८०, म्हणजे दहाच्या ४८ पट्ट्या. त्यांची मुदत कॉन्ट्रॅक्ट संपल्यानंतरही काही महिने शिल्लक असावी. निम्म्या पट्ट्या हातातल्या बॅगेत आणि निम्म्या मोठ्या बॅगेत ठेवाव्यात, म्हणजे विमानतळावर सामान हरवले तरी खंड पडत नाही. २०२० च्या महासाथीत खलाशांची अदलाबदल बंद पडली तेव्हा जगभरात सुमारे चार लाख खलाशी कॉन्ट्रॅक्ट संपूनही जहाजांवर अडकले होते. जादा साठ्याची गरज त्या वर्षाने सगळ्या क्षेत्राला पटवली. साठा अर्ध्यावर आला की सेकंड ऑफिसरला कळवावे. पुढच्या मोठ्या बंदरात कंपनीचा एजंट औषध आणून देऊ शकतो. तेव्हाही औषधाचे मूळ नावच कामाला येते. मुंबईत प्रत्येक दुकानदाराला पाठ असलेले व्यापारी नाव सान्तोसच्या किंवा बुसानच्या दुकानात कोणी ऐकलेले नसते.

जहाज पश्चिमेकडे जाताना घड्याळ तासातासाने मागे आणि पूर्वेकडे जाताना पुढे जाते. मुंबईहून रॉटरडॅमला पोहोचेपर्यंत हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक पडतो. दिवसातून एकदा घ्यायच्या गोळीला हा फरक टप्प्याटप्प्याने पचतो. जहाजाच्या घड्याळाप्रमाणे एकच वेळ धरली की पुरते. इन्शुलिनला आणि फिटच्या औषधांना निघण्यापूर्वीच डॉक्टरकडून वेळापत्रक हवे. मध्यरात्री बारा ते चारचा वॉच करणाऱ्याची झोप दोन तुकड्यांत होते आणि न्याहारी हुकते. म्हणून जेवणाशी बांधलेली गोळी त्याने घड्याळापेक्षा प्रत्यक्ष जेवणाशी जोडावी. झोप आणणारी गोळी वॉच संपल्यावर घ्यायची, सुरू होण्यापूर्वी नाही.

न उघडलेले इन्शुलिन दोन ते आठ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावे लागते. गोठले की ते फेकावे लागते. त्याला जहाजाच्या दवाखान्यातला फ्रीज हवा, गॅलीचा डीप फ्रीझर नाही. गोळ्याही इंजिन रूममधल्या खणात ठेवू नयेत. उष्णता आणि दमटपणा त्यांना लागतो.

बंदरातले कायदे

औषध एका देशात साधे आणि दुसऱ्या देशात नियंत्रित असू शकते. कोडीन, ट्रॅमाडॉल, अल्प्राझोलाम यांसारख्या औषधांवर संयुक्त अरब अमिरातीत कडक नियंत्रण आहे. जपानमध्ये स्यूडोएफेड्रिनचे प्रमाण दहा टक्क्यांहून जास्त असलेली औषधे नेता येत नाहीत. म्हणून प्रत्येक औषध मूळ वेष्टनात असावे आणि सोबत इंग्रजीत, छापील, सही-शिक्क्याचे प्रिस्क्रिप्शन असावे. नाव न लिहिलेली चूर्णे आणि पुड्या बॅगेत नकोत. सीमाशुल्क अधिकाऱ्याला त्यांत काय आहे ते कळत नाही, आणि काही पुड्यांत स्टिरॉइड मिसळलेले असते हे घेणाऱ्यालाही कळत नाही. कंपन्या अचानक अमली पदार्थांची चाचणी करतात. कोडीन असलेले खोकल्याचे औषध त्या चाचणीत दिसते. चाचणीच्या आधी कागद दाखवला तर प्रश्न मिटतो. नंतर दाखवलेल्या कागदाकडे संशयाने पाहिले जाते.

लपवण्याची किंमत

जहाजावर आजारी पडलेल्या खलाशाच्या उपचारांचा खर्च आणि पगार ही जहाजमालकाची जबाबदारी आहे. देशाच्या कायद्याने ती मर्यादित करायची ठरवली, तरी दुखापत झाल्यापासून किंवा आजार सुरू झाल्यापासून किमान सोळा आठवडे ती टाळता येत नाही. या संरक्षणाला सागरी कामगार करारातच एक अपवाद आहे: नेमणुकीच्या वेळी जाणूनबुजून लपवलेला आजार. ज्याने मधुमेह सांगितला त्याच्या पायाची जखम चिघळली तर विमा उभा राहतो. ज्याने लपवला त्याच्या घरी परदेशातल्या रुग्णालयाचे बिल येऊ शकते.

वैद्यकीय धोका त्याहून मोठा. लपवलेली गोळी केबिनमध्ये कोणाच्या नकळत घेतली जाते. ती चुकते, संपते आणि कुठे नोंदली जात नाही. माणूस बेशुद्ध सापडला तर सेकंड ऑफिसर किनाऱ्यावरच्या डॉक्टरला काय सांगणार? साखर उतरल्याने बेशुद्ध पडलेला माणूस आणि अर्धांगाचा झटका आलेला माणूस वरवर सारखेच दिसू शकतात. ‘याला मधुमेह आहे, गोळी ग्लिमेपिराइडची आहे’ एवढे एक वाक्य ठाऊक असेल तर उपचार काही मिनिटांत सुरू होतो.

अपात्र ठरल्यास

प्रमाणपत्र नाकारले किंवा त्यावर बंधन घातले, तर दुसऱ्या स्वतंत्र डॉक्टरकडून किंवा नेमलेल्या पंच डॉक्टरकडून फेरतपासणी मागण्याचा हक्क सागरी कामगार करारानेच दिला आहे. नाकारण्याचे कारण विचारून घ्यावे. कारण ‘तात्पुरते’ असेल तर किती महिन्यांनी आणि कोणते कागद घेऊन परत यायचे, हेही विचारावे. फेरतपासणीत भावनेपेक्षा नवा पुरावा उपयोगी पडतो: सुधारलेले एचबीए१सी, चोवीस तासांची रक्तदाबाची नोंद, ताणचाचणीचा अहवाल, तज्ज्ञाचे पत्र. सफर चालू असताना प्रमाणपत्र संपले, तर पुढच्या ज्या बंदरात मान्य डॉक्टर मिळेल तिथपर्यंत ते चालते. ही सवलत तीन महिन्यांपेक्षा जास्त नसते.

दूरच्या सफरी कायमच्या बंद झाल्या, तरी समुद्राशी नाते तुटतेच असे नाही. किनाऱ्याजवळची जहाजे, बंदरातील टग, सर्वेक्षण, प्रशिक्षण संस्था आणि कंपन्यांची किनाऱ्यावरची कार्यालये अनुभवी माणसांना घेतात. तो बदल पन्नाशीत एका रात्रीत करावा लागू नये, म्हणून आजाराचे निदान झाले त्याच वर्षी पुढची परीक्षा देऊन किंवा किनाऱ्यावरच्या कामाचे प्रशिक्षण घेऊन ठेवावे.

औषध चालू असलेल्या खलाशाने बोटीवर चढण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात: औषध किमान काही आठवडे न बदलता लागू पडले आहे, साठा कॉन्ट्रॅक्टपेक्षा दोन महिने जास्त आहे, मूळ नावांचे प्रिस्क्रिप्शन हातातल्या बॅगेत आहे, आणि जहाजावर वैद्यकीय जबाबदारी असलेल्या अधिकाऱ्याला आजाराची कल्पना आहे. यांतली एकही गोष्ट कमी असेल, तर ते कॉन्ट्रॅक्ट सोडून पुढचे घ्यावे.